डॉ. वसंत रामजी खानोलकर : चालीरीतींतून कर्करोगाचा माग

महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या मराठी माणसांनी भारताला जे दिले, त्यात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे कार्य अग्रभागी ठेवावे लागेल. त्यांचा जन्म 13 एप्रिल 1895 रोजी, मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर, बलुचिस्तानातील क्वेट्टा येथे एका गोमंतकीय कुटुंबात झाला. वडील शल्यचिकित्सक होते, त्यामुळे वैद्यकाचा वारसा घरातच होता. लंडन विद्यापीठातून 1923 साली विकृतिशास्त्रात एम.डी. होऊन ते मुंबईस परतले. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेज व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय येथे त्यांनी अध्यापन केले. 1941 साली परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळा व संशोधन यांची धुरा त्यांनी स्वीकारली.

त्या काळी हिंदुस्थानात कर्करोग विरळाच, असा समज बराच रूढ होता. खानोलकरांनी तो तपासून पाहावयाचे ठरविले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणारे रुग्ण त्यांच्या नजरेखालून जात होते. हा रोग प्रांताप्रांताप्रमाणे शरीरातील आपली जागा बदलतो, हे त्यांच्या ध्यानात आले. काश्मीरमध्ये पोटाशी कांगडी धरणाऱ्यांना त्याच जागी कर्करोग होतो, अशी नोंद मिशनरी डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच केली होती. खानोलकरांनी हे सूत्र पुढे नेले. सूर्याबाई या सहकारी संशोधिकेसह त्यांनी 1945 साली एका अमेरिकन नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध केला व त्यात भारतातील तीन नवे प्रकार मांडले. बिहारात चुना मळलेली खैनी ओठाच्या आत धरून ठेवतात, तेथे खालच्या ओठाचा कर्करोग आढळला. विशाखापट्टणच्या किनारपट्टीवर चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल होती, तेथे टाळूचा. आणि धोतर वर्षानुवर्षे कमरेला घट्ट आवळून नेसणाऱ्यांत, जेथे काचते तेथेच, त्वचेचा. पुढे साडीच्या काचानेही असाच विकार होतो, हे डॉक्टरांनी नोंदविले.

दहा वर्षांनी, 1955 साली, डॉ. ल. द. संघवी व राव यांच्यासह त्यांचा दुसरा महत्त्वाचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यात रुग्णांच्या सवयींची तुलना इतरांच्या सवयींशी केली होती. तंबाखू चघळणे व विडी ओढणे या दोन्ही सवयी घातक, परंतु त्यांचे आघात तोंड व घसा यांच्या निरनिराळ्या भागांवर होतात, असे त्यातून दिसले. आनुवंशिकतेच्या क्षेत्रातही त्यांनी संघवींसह मुंबईतील सहा जातिसमूहांचा अभ्यास केला. कुष्ठरोगावरील त्यांचे संशोधनही मोलाचे ठरले. त्यांचे शोधनिबंध शंभरावर भरतात.

आज संशोधकाची थोरवी त्याच्या निबंधाचा इतरांनी किती वेळा आधार घेतला यावरून मोजण्याची प्रथा आहे. अशा संदर्भांची विज्ञानातील मोठी सूची प्रथम 1964 साली निघाली. खानोलकरांनी आपले मुख्य निबंध लिहिले, तेव्हा असा हिशेब ठेवणारे कोणीच नव्हते. तरीही 1945 व 1955 चे ते निबंध पुढील पिढ्यांच्या अभ्यासकांना पुनःपुन्हा उघडावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 1985 साली चघळण्याच्या तंबाखूविषयी, तर 2004 साली सुपारीविषयीही तिच्या कर्करोगकारकतेचा निर्वाळा दिला. भारतातील निरीक्षणे त्या निर्णयांचा मोठा आधार होती, आणि त्या निरीक्षणांची पायवाट पाडणाऱ्यांत खानोलकर अग्रणी होते.

निबंधांइतकेच मोल त्यांनी घडविलेल्या माणसांना व संस्थांना आहे. 1952 साली त्यांच्या पुढाकाराने मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली 1949 साली पीएच.डी. मिळविली व पुढे देशातील ऊतिसंवर्धनाच्या कामाचा पाया घातला. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद व राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपदही खानोलकरांनी भूषविले. 29 ऑक्टोबर 1978 रोजी त्यांचे निधन झाले. खारघर येथील कर्करोग संशोधन संकुलातील ‘खानोलकर शोधिका’ आज त्यांचे नाव धारण करते.

मात्र त्यांच्या निबंधांचा खरा हिशेब ग्रंथालयात लागत नाही. ज्या सवयींकडे त्यांनी 1945 साली बोट दाखविले, त्यांपैकी तंबाखूची सवय आजही देशात ठाण मांडून बसली आहे. पुड्यांचे रंग तेवढे बदलले. आपण मराठी कुटुंबे ज्या ज्या प्रांतात वसतो, तेथील भाषा, सण, पक्वान्ने आनंदाने आपलीशी करतो, आणि ते योग्यच होय. परंतु त्याबरोबर तेथील खैनी, जर्दा वा गुटखाही नकळत उंबरा ओलांडून आत येतो. घरातील एका तरुणाच्या हातून ती पुडी सुटली, तर कोणत्याही सूचीत न नोंदला जाणारा तो संदर्भ खानोलकरांच्या श्रमांचे सर्वांत मोठे सार्थक ठरेल.