बहुमताचे पंतप्रधान : अदनान मेंदेरेस

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या बैठकीत एका कार्यक्रमाची तारीख बदलायची होती. प्रथम वर्षाच्या चार-पाच जणांना नवी तारीख गैरसोयीची होती. आपल्या बाजूने हात जास्त आहेत, मग चर्चा कशाला, असं मी म्हणालो आणि विषय संपवला. पुढच्या बैठकीला त्यांच्यापैकी कुणीच आलं नाही. मी हे विसरूनही गेलो होतो. यंदा राज्यशास्त्राच्या अभ्यासासाठी तुर्कस्तानची राज्यघटना वाचायला घेतली आणि अदनान मेंदेरेस यांनी मला त्या बैठकीची आठवण करून दिली.

मेंदेरेस यांचा जन्म १८९९ चा, पश्चिम तुर्कस्तानातल्या आयदिन भागातला. घर जमीनदारांचं. आई-वडील लवकर गेले, आजीने वाढवलं. इझमीरमध्ये अमेरिकन मिशनऱ्यांच्या कॉलेजात ते शिकले. आडनाव त्यांनी आपल्या मुलखातल्या मेंदेरेस नदीवरून घेतलं. भूगोलात नदीच्या नागमोडी वळणाला मिअँडर म्हणतात, तो शब्द याच नदीच्या नावावरून आला आहे.

१९३० मध्ये अतातुर्क यांच्या संमतीने एक विरोधी पक्ष निघाला. मेंदेरेस आयदिनमध्ये त्याचं काम बघत होते. तीन महिन्यांतच तो पक्ष गुंडाळला गेला. मग ते सत्ताधारी रिपब्लिकन पीपल्स पार्टीत गेले आणि १९३१ मध्ये खासदार झाले. देशात तेव्हा तो एकच पक्ष होता. खासदार असतानाच त्यांनी अंकाराला कायद्याची पदवी घेतली.

जून १९४५ मध्ये मेंदेरेस, जेलाल बायार आणि आणखी दोघे अशा चार खासदारांनी पक्षाला एक निवेदन दिलं. घटनेत लिहिलेली स्वातंत्र्यं प्रत्यक्षात द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. निवेदन फेटाळलं गेलं, मेंदेरेस यांना पक्षातून काढलं. ७ जानेवारी १९४६ ला या चौघांनी डेमोक्रॅट पक्ष काढला. त्या वर्षीच्या निवडणुकीत मतदान उघड आणि मोजणी गुप्त झाली! १९५० मध्ये कायदा बदलला, मतदान गुप्त झालं, मोजणी उघड झाली आणि देखरेख न्यायाधीशांकडे आली. १४ मे १९५० ला डेमोक्रॅट पक्ष जिंकला. राष्ट्राध्यक्ष इस्मत इनोनू यांनी पराभव मान्य केला आणि सत्ता सोडली. आपली राज्यघटना लागू होऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते.

बायार राष्ट्राध्यक्ष झाले, मेंदेरेस पंतप्रधान. गावोगावी रस्ते गेले, शेतात ट्रॅक्टर आले, अरबी भाषेतल्या अजानवरची बंदी उठली. सरकार आपलं आहे, असं खेड्यातल्या माणसाला पहिल्यांदाच वाटू लागलं. हे त्यांचं श्रेय कुणी काढून घेऊ नये.

पण खरी गोम पुढे आहे. १९२४ च्या घटनेने सगळी सत्ता संसदेच्या हाती दिली होती. संसदेने केलेला कायदा घटनेविरुद्ध आहे, असं सांगून तो रद्द करणारं न्यायालयच नव्हतं. त्यात निवडणूक पद्धत अशी, की प्रांतात ज्या पक्षाची यादी पुढे, जवळपास सगळ्या जागा त्याच्या. १९५० मध्ये डेमोक्रॅट पक्षाला मतं मिळाली सुमारे ५३ टक्के आणि जागा ८० टक्क्यांहून जास्त. विरोधात असताना जी व्यवस्था जाचक होती, ती सत्तेत आल्यावर सोयीची वाटू लागली. ती बदलायची राहूनच गेली.

१९५३ मध्ये कायदा करून विरोधी पक्षाची मालमत्ता सरकारजमा केली. १९५४ मध्ये किरशेहिर प्रांताने विरोधकांना निवडून दिलं, तर त्या प्रांताचा दर्जाच काढला आणि त्याला शेजारच्या नव्या प्रांताचा तालुका करून टाकलं. नकाशावरची रेघ सरकली की माणसांचं काय होतं, हे आम्हा बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. १९५५ च्या सप्टेंबरमध्ये इस्तंबूलमध्ये ग्रीक वस्तीवर जमाव चालून गेला, दुकानं लुटली, चर्च जाळली. जे संख्येने थोडे होते, त्यांना सरकारने वाचवलं नाही.

१९५७ मध्ये मतं निम्म्याहून खाली आली, तरी जागा दोन-तृतीयांशाहून जास्तच. फेब्रुवारी १९५९ मध्ये सायप्रसच्या करारासाठी लंडनला जाताना त्यांचं विमान कोसळलं. १४ जण गेले, मेंदेरेस वाचले. देवानेच त्यांना राखलं, असं अनेक समर्थक मानू लागले.

एप्रिल १९६० मध्ये संसदेने विरोधी पक्ष आणि वर्तमानपत्रांच्या चौकशीसाठी समिती नेमली. पंधराही सदस्य सत्ताधारी पक्षाचे, आणि हाती अटकेचेसुद्धा अधिकार. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, इस्तंबूलमध्ये गोळीबारात एक विद्यार्थी मारला गेला. मे महिन्यात पंडित नेहरू तुर्कस्तानच्या भेटीवर होते. ते परतल्यावर काही दिवसांतच, २७ मे ला, लष्कराने सत्ता घेतली.

यासिआदा बेटावर खटला चालला. बायार यांना भेट मिळालेल्या अफगाण कुत्र्याच्या विक्रीपासून ते घटनाभंगापर्यंत आरोप होते. न्यायालय लष्करी राजवटीनेच खास बनवलेलं. मेंदेरेस यांना तेव्हा गरज होती ती कुणापुढेही न झुकणाऱ्या न्यायालयाची. दहा वर्षं बहुमत हातात असताना त्यांनी ते उभं केलं नव्हतं. पंधरा जणांना मृत्युदंड झाला. वयामुळे बायार यांची फाशी टळली. दोन मंत्र्यांना १६ सप्टेंबर १९६१ ला आणि मेंदेरेस यांना दुसऱ्या दिवशी इम्राली बेटावर फासावर चढवलं.

त्याच वर्षीच्या नव्या घटनेने घटना न्यायालय आणलं. पुढे त्या न्यायालयाने पक्षांवर बंद्याही घातल्या, म्हणजे तेही निर्दोष निघालं नाही. १९९० मध्ये मेंदेरेस यांचे अवशेष सन्मानाने इस्तंबूलला आणले गेले. इझमीरच्या विमानतळाला आज त्यांचं नाव आहे.

मला ते खलनायक वाटत नाहीत. फाशी हा अन्यायच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आपण कायम जिंकतच राहणार, असं धरून ते चालले. नियम लागतात ते हरणाऱ्याला, आणि प्रत्येकावर कधी ना कधी हरायची पाळी येते.

मंडळाची पुढची बैठक जवळ आली आहे. त्या चार-पाच जणांना मी स्वतः जाऊन बोलावून आलो. येतो म्हणालेत.