एकशे आठ मिनिटांचा प्रवासी

रशियातील स्मोलेन्स्क प्रांतात क्लूशिनो नावाचे एक लहान खेडे आहे. तेथे ९ मार्च १९३४ रोजी युरी गागारिन यांचा जन्म झाला. वडील अलेक्सेई सुतारकाम करीत आणि आई आन्ना सामुदायिक शेतीवरील गोठ्यात राबत असे. चार भावंडांत युरी तिसरे. १९४१ साली ते शाळेत जाऊ लागले आणि त्याच वर्षी जर्मन सैन्य गावात शिरले. सैनिकांनी घर बळकावले. परसात जमीन खणून केलेल्या मातीच्या खोपटात कुटुंबाला दीड वर्षाहून अधिक काळ काढावा लागला. थोरला भाऊ आणि बहीण यांना सक्तीच्या मजुरीसाठी धरून नेण्यात आले. युद्ध संपल्यावर ती दोघे जिवंत परतली, हेच त्या घराचे भाग्य.

युद्धाने गांजलेल्या घरातील हा मुलगा मॉस्कोजवळील ल्यूबेर्त्सी येथील कारखान्यात ओतकाम शिकू लागला. दिवसा भट्टीपाशी काम आणि संध्याकाळी कामगारांची शाळा, असा त्याचा दिनक्रम होता. पुढे सारातोव येथील तंत्रशाळेत शिकत असताना तेथील उड्डाण मंडळात त्याने विमान चालविण्याचे पहिले धडे घेतले. ओरेनबर्गच्या लष्करी विमानविद्यालयात मात्र विमान जमिनीवर उतरवणे त्याला नीट साधेना. त्याची उंची अवघी १५७ सेंटिमीटर होती. आसनावर उशी ठेवून बसल्यावर समोरचे स्पष्ट दिसू लागले आणि ती अडचण दूर झाली.

१९६० साली अंतराळवीरांच्या पहिल्या तुकडीसाठी वीस वैमानिक निवडले गेले. त्यांत गागारिन होते. स्वतःला वगळून प्रथम कोणाला पाठवावे, असे या सहकाऱ्यांना विचारण्यात आले, तेव्हा बहुतेकांनी गागारिन यांचेच नाव दिले. त्या पहिल्या स्थानाची प्रत्येकालाच आस होती. म्हणूनच प्रतिस्पर्ध्यांनी दिलेला हा कौल मोलाचा ठरतो.

उड्डाणाच्या दोन दिवस आधी गागारिन यांनी पत्नी वालेन्तिना यांना एक पत्र लिहिले. आपण परतलो नाही, तर दुःखाने खचून न जाता मुलींना चांगले वाढवावे आणि स्वतःच्या आयुष्याचाही विचार करावा, असा त्याचा आशय होता. धाकटी मुलगी तेव्हा जेमतेम एक महिन्याची होती. परतण्याची शाश्वती नाही, हे सत्तावीस वर्षांच्या त्या तरुणाला पुरते ठाऊक होते.

१२ एप्रिल १९६१ रोजी बैकोनूर येथून ‘वोस्तोक-१’ अंतराळयान झेपावले. पृथ्वीपासून कमाल ३२७ किलोमीटर उंची गाठून त्याने एक प्रदक्षिणा पूर्ण केली. संकट उभे राहिले ते परतीच्या वाटेवर. यानाचा यंत्रभाग प्रवासी कुपीपासून पूर्ण सुटेना. तारांच्या जुडग्याने तो अडकून राहिला आणि सुमारे दहा मिनिटे कुपी गरगर फिरत राहिली. गागारिन यांनी परिस्थितीचा शांतपणे अंदाज घेतला. आपण सुखरूप उतरू शकू असे जाणून त्यांनी सारे ठीक असल्याचा संदेश दिला. अखेर तारा जळून तुटल्या. सुमारे सात किलोमीटर उंचीवर ते कुपीतून बाहेर फेकले गेले आणि हवाई छत्रीने सारातोव प्रांतातील एका शेतात उतरले. उड्डाणाचे पहिले धडे त्यांनी याच प्रांतात गिरवले होते. नारिंगी पोशाखातील ती आकृती पाहून एक शेतकरी स्त्री आणि तिची छोटी नात भयभीत झाल्या. आपण त्यांच्याच देशातील असल्याचे सांगून गागारिन यांनी त्यांना धीर दिला.

एकशे आठ मिनिटांच्या त्या प्रवासाने अपार कीर्ती दिली. १९६१ च्या अखेरीस ते भारतातही आले. दिल्ली, मुंबई येथील नागरिकांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. या कीर्तीचे ओझे पेलताना काही काळ त्यांचाही तोल ढळला. परंतु सावरून ते पुन्हा विद्यार्थी झाले. यानाचे शिल्पकार सर्गेई कोरोल्योव यांचे नाव त्या काळी गुप्त ठेवले गेले होते. सारे कौतुक गागारिन यांच्या वाट्याला येई, तरीही आपल्या यशामागे असंख्य शास्त्रज्ञ आणि कामगारांचे श्रम आहेत, हे ते आवर्जून सांगत.

एप्रिल १९६७ मध्ये त्यांचे सहकारी व्लादिमीर कोमारोव अंतराळातून परतताना मृत्युमुखी पडले. त्या मोहिमेचे राखीव अंतराळवीर गागारिनच होते. यानंतर त्यांना अंतराळ उड्डाणापासून दूर ठेवण्यात आले. त्यांनी अभ्यास मात्र सोडला नाही. फेब्रुवारी १९६८ मध्ये झुकोव्स्की अकादमीची पदवी मिळवली आणि लढाऊ विमान एकट्याने चालविण्याची परवानगी पुन्हा मिळावी म्हणून ते सरावाला लागले. अंतराळात जाणारा पहिला मानव नियमानुसार प्रशिक्षकासमवेत बसून आपले कौशल्य तपासून घेत होता. २७ मार्च १९६८ रोजी अशाच एका सराव उड्डाणात विमान कोसळून गागारिन आणि त्यांचे प्रशिक्षक व्लादिमीर सेर्योगिन या दोघांचाही मृत्यू झाला. गागारिन तेव्हा चौतीस वर्षांचे होते. सात वर्षे जपून ठेवलेले ते पत्र त्यानंतरच वालेन्तिना यांच्या हाती पडले.

मॉस्कोजवळील अंतराळवीर प्रशिक्षण केंद्राला पुढे गागारिन यांचे नाव देण्यात आले. भारताचे राकेश शर्मा यांनी १९८४ च्या अंतराळप्रवासाची तयारी तेथेच केली. सर्वांत उंच जाऊन आल्यावरही पुन्हा शिकण्यासाठी प्रशिक्षकाशेजारी बसण्यात गागारिन यांना कमीपणा वाटला नाही. शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने शिदोरीसारखी सोबत न्यावी, अशी त्यांची ही आठवण आहे.