प्रो. कावसजी नायगामवाला

वसईच्या किनाऱ्यावरून रात्रीं मृगनक्षत्र पाहतांना आम्हांस प्रो. कावसजी दादाभाई नायगामवाला यांचें स्मरण होतें. यांचा जन्म १८५७ सालीं झाला. एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकून ते तेथेंच अध्यापक झाले. पुढें भावनगरच्या महाराजांच्या देणगीनें पुण्याच्या सायन्स कॉलेजांत वेधशाळा उभी राहिली. तेथील दुर्बिणीनें त्यांनीं मृगांतील तेजोमेघाचा वर्णपट अभ्यासिला. ता. २२ जानेवारी १८९८ रोजीं जेऊर येथें खग्रास ग्रहणानें भरदिवसां रात्र पडली. त्या सुमारें दोन मिनिटांत त्यांनीं सूर्याच्या वर्णपटाचीं छायाचित्रें घेतलीं. १९१२ सालीं ते निवृत्त होतांच वेधशाळा मिटली, दुर्बीण कोडाईकनालास गेली. १९३८ सालीं ते निवर्तले. यंत्र मिळविण्याहून तें पुढें चालविणारा शिष्य मिळणें कठीण, हा बोध आम्हीं विद्यार्थ्यांनीं घ्यावा.