सायकल शिकवायचे 15 रुपये घेणाऱ्या दुकानातून किर्लोस्करांचा कारखाना उभा राहिला

पुण्यात मॉडेल कॉलनीत लकाकी रोड आहे. ऐकायला एखादं जपानी नाव वाटावं असं, पण आहे अस्सल मराठी. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर, त्याची आद्याक्षरं म्हणजे ल-का-कि.

नांगर, पंप, ऑइल इंजिन म्हटलं की किर्लोस्कर हे नाव आपोआप तोंडात येतं. पण या घराण्याचा धंदा सुरू झाला तो सायकलीपासून. आणि ती सायकलही आज आपण चालवतो तशी नव्हती. तिचं पायडल थांबायचंच नाही.

तर ही गोष्ट त्या सायकलीची आणि ती विकणाऱ्या माणसाची.

रंग ओळखू न येणारा चित्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा. गाव गुर्लहोसूर, तालुका सौंदत्ती, जिल्हा बेळगाव. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे.

लक्ष्मणरावांचं शाळेत फारसं लक्ष नसायचं. त्यांना दोनच गोष्टींचं वेड, चित्रं काढणं आणि यंत्रं उघडून बघणं. मुलानं मुंबईला जाऊन चित्रकला शिकावी हे वडील काशिनाथपंतांना मान्य नव्हतं. पण थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि त्यांनी खर्चाचा भार उचलला. 1885 मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथे एक विचित्र अडचण निघाली. त्यांना काही रंगांमधला फरकच कळत नव्हता. रंगांधळेपण अर्धवट होतं, पण चित्रकार होण्याचं स्वप्न मोडायला तेवढं पुरेसं होतं.

दुसरा एखादा मुलगा गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेघा धरल्या. ते यांत्रिक ड्रॉइंग शिकले. यंत्राच्या आराखड्यात रंगाचं काम नसतं, मापाचं असतं. याच शिक्षणावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवण्याची नोकरी मिळाली. दिवसा वर्ग, उरलेला वेळ वर्कशॉप. जोडीला अमेरिकेहून येणारी यंत्रविषयक मासिकं. यंत्रं कशी बनतात हे ते असं शिकत गेले.

मुंबईहून सायकल बेळगावला

याच काळात मुंबईत त्यांनी सायकल पाहिली.

तेव्हा सायकल ही नवलाई होती. पुढचं चाक पुरुषभर उंच आणि मागचं चिमुकलं अशी जुनी सायकल मागे पडत होती. 1885 मध्ये इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर नावाची सायकल आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला चेन. 1888 मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेला टायर आणला. आजच्या सायकलीचा सांगाडा तिथे पक्का झाला.

लक्ष्मणराव स्वतः सायकल चालवायला शिकले आणि त्यांना धंद्याची वाट दिसली. ते मुंबईहून सायकली घेऊन बेळगावला पाठवायचे, रामूअण्णा तिथे विकायचे. एका सायकलीची किंमत 700 ते 1000 रुपये. त्या काळी ही रक्कम एवढी मोठी होती की गिऱ्हाईक म्हणजे सरदार, साहेब किंवा बडा वकील.

पण एवढे पैसे मोजून घेतलेल्या सायकलीवर बसणार कसं? गावात कुणालाच ती चालवता येत नव्हती. मग रामूअण्णांनी शिकवणी सुरू केली. सायकल शिकवायची फी 15 रुपये.

1888 हे किर्लोस्करांच्या उद्योगाचं स्थापना वर्ष मानलं जातं, ते या दुकानामुळे. बेळगावात ज्या रस्त्यावर हे दुकान होतं तो आज किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

15 रुपयांत नेमकं काय शिकवायचे?

आज वाटेल, सायकल शिकवायला कसले पैसे? मागून कॅरिअर धरायचं आणि सोडून द्यायचं. पण तेव्हाच्या सायकली फिक्स्ड गिअरच्या होत्या. हल्ली पुण्यातली काही पोरं हौसेनं बनवतात ना, त्याच.

आपल्या साध्या सायकलीच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. त्यात छोटे खटके असतात, मेकॅनिक लोक त्यांना कुत्रे म्हणतात. पायडल पुढे मारलं की कुत्रे दातात अडकतात आणि चाक फिरतं. पाय थांबवले की ते दातांवरून घसरतात, किर्र आवाज येतो आणि सायकल नुसती पळत राहते.

फिक्स्ड गिअरमध्ये हे कुत्रेच नसतात. मागचं दातेरी चक्र थेट चाकाला जखडलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पायडल फिरतंय तोवर पाय फिरणार. मध्ये विश्रांती नाही.

हिशेब करून बघा. पुढे 44 दाते आणि मागे 18, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे जवळपास अडीच फेरे. 28 इंची चाक धरलं तर ताशी 20 किलोमीटरला पाय मिनिटाला साधारण 60 वेळा फिरतात. उतारावर सायकल 40 ला गेली की तेच पाय 125 च्या आसपास. तुमची इच्छा असो वा नसो.

म्हणून त्या काळी उतार आला की लोक पाय पायडलवरून काढून पुढच्या चिमट्यावरच्या खुंट्यांवर ठेवायचे. पायडलं खाली मोकळी गरगरायची. वेग कमी करायचा तर ब्रेकवर फारशी भिस्त नसे. पुढच्या टायरवर वरून दाबणारा एक साधा ठोकळा, एवढाच तो ब्रेक. खरा ब्रेक म्हणजे पाय, पायडलला उलटा जोर द्यायचा.

चढणंही वेगळं. मागच्या चाकाच्या आसाशी एक छोटी पायरी असायची. तिच्यावर एक पाय ठेवायचा, दुसऱ्यानं जमीन ढकलत सायकल पळवायची आणि मग सीटवर सरकून फिरती पायडलं पकडायची. उतरताना हेच उलटं.

बेळगाव म्हणजे चढउतारांचं गाव. तिथे हे सगळं शिकायचं तर तोल, पायाची लय आणि धीर तिन्ही लागायचं. 15 रुपये त्याचे होते. फ्रीव्हील सगळीकडे पोचायला 1900 साल उजाडावं लागलं.

आज अशी सायकल बनवणाऱ्यांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळते. नुसतं फ्रीव्हील काढून त्या जागी दातेरी चक्र फिरवून बसवलं की काम झालं, असं नसतं. पुढे पायडल मारताना ते आटे घट्ट होत जातात, पण वेग कमी करायला उलटा जोर दिला की सुटू लागतात. म्हणून त्यावर उलट्या आट्यांची लॉकरिंग लागते आणि ती बसेल असा हबही लागतो. चेन ताणायला मागच्या चाकाला पुढेमागे सरकायची जागा लागते, कारण ढिली चेन उतरली की पायांचा ब्रेक गेलाच. रस्त्यावर चालवायची तर पुढचा हातब्रेक हवाच. आणि सुरुवात मोकळ्या मैदानावर करावी. सवयीनं पाय थांबवले की सायकल थांबत नाही, उलट आपल्याच पायांना उसळी देते.

म्हणजे नवं यंत्र घेतलं तरी जुनी सवय शरीरात राहतेच. ती सोडवायला शिकवणारं कुणीतरी लागतं.

बढती हुकली आणि मुंबई सुटली

इकडे मुंबईत लक्ष्मणरावांच्या बढतीची वेळ आली. काम उत्तम, अनुभव पुरेसा. पण जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. 1897 च्या सुमारास लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

संसार मागे होता. महिन्याचा बांधलेला पगार सुटला होता. हाताशी होतं ते सायकलींचं दुकान आणि यंत्रांचं ज्ञान.

सायकलीच्या धंद्याची मर्यादा त्यांना दिसत होती. सायकल विलायतेत बनायची, आपण फक्त विकायची आणि दुरुस्त करायची. शिवाय घेणारे मूठभर. आपण काही बनवायचं तर ते कुणाच्या कामाचं असावं? आजूबाजूला होते शेतकरी.

मग छोट्या वर्कशॉपमध्ये कडबा कापायचं यंत्र तयार झालं. त्यानंतर लोखंडी नांगर.

नांगर तयार, घेणारा कुणी नाही

1903 मध्ये किर्लोस्करांचा लोखंडी नांगर तयार झाला. लाकडी नांगरापेक्षा तो खोल जायचा आणि माती पालथी घालायचा.

पण कुणी विकत घेईना. लोखंडानं जमिनीत विष पसरतं आणि ती नापीक होते, असा समज शेतकऱ्यांत होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं गेली.

दोन वर्षं म्हणजे काय, ते धंदा करणाऱ्यालाच कळेल. माल पडून, भांडवल अडकलेलं आणि घरात खाणारी तोंडं.

इथे शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्याच्या बाजूनं बघा. वर्षाचं पोट एका जमिनीवर. प्रयोग फसला तर पुढचं वर्ष उपाशी. बेळगावच्या सायकलवाल्याचं फार तर ढोपर फुटणार होतं, शेतकऱ्याचं घर बसलं असतं. त्याला विश्वास बसायला वेळ लागणारच. शेजारच्या रानात नांगर चालताना दिसला, त्या रानात पीकही उभं राहिलं, तेव्हा मागणी हळूहळू वाढू लागली.

निवडुंगाच्या माळावरचं गाव

नांगर खपू लागले तोच दुसरा धक्का बसला. बेळगावात कारखान्याची जागा नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी हवी होती. उभं केलेलं सगळं हलवायची वेळ आली.

तेव्हा लक्ष्मणरावांचं औंध संस्थानात येणंजाणं होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना जागा आणि आर्थिक मदत देऊ केली. कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ 32 एकर माळ मिळाला. आज तो भाग सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात येतो. पाणी कमी, निवडुंग भरपूर आणि त्यात नागांची वस्ती.

10 मार्च 1910 रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. सोबत 25 कामगार आणि त्यांची कुटुंबं.

तिथे कारखान्याबरोबर गाव वसलं. गावाची व्यवस्था रामूअण्णांनी बघितली. बेळगावात सायकल शिकवणारे तेच हे रामूअण्णा. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही हा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना गावाच्या राखणीचं काम दिलं गेलं. आसपासच्या शेतकऱ्यांच्या पोरांनी इथे यंत्रावर काम करायला शिकून घेतलं.

पुढे पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशी नांगरांची आवक आटली. किर्लोस्करांच्या नांगराला गिऱ्हाईक मिळालं. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची खबरबात देणारं हे पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून घराघरांत वाचलं गेलं. नांगरापाठोपाठ उसाचे चरक आणि पाण्याचे पंप आले.

शेवट पुण्यात

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीत इंजिनिअरिंग शिकून आले आणि त्यांनी पसारा वाढवला. 1946 मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. त्याच पुण्यात, सायकलींचं शहर म्हणून तेव्हा देशभर नाव असलेल्या शहरात, 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांनी अखेरचा श्वास घेतला. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारनं टपाल तिकीट काढलं.

लक्ष्मणरावांबद्दल सांगताना सहसा नांगराची दोन वर्षं सांगितली जातात आणि त्याला जिद्द म्हटलं जातं. जिद्द होतीच. पण नवं यंत्र बनवणं हे अर्धं काम असतं, माणसाला ते वापरायला लावणं हे उरलेलं अर्धं, हा धडा या भावांनी नांगराच्या कितीतरी आधी गिरवला होता. बेळगावच्या रस्त्यावर, एकानं सायकलीचं सीट धरलंय आणि दुसरा थांबता न येणारी पायडलं मारत, घाबरत पुढे चाललाय, तेव्हा.

लकाकी रोडवरून आजही सायकली जातात. उतार लागला की पाय थांबवून निवांत बसता येतं, ते फ्रीव्हीलमुळे. बेळगावच्या त्या पहिल्या गिऱ्हाइकांना 1000 रुपये मोजूनही ती चैन मिळाली नव्हती.