पहाटेचा पाठ

इंदुरात आमची मुले शाळेत हिंदी-इंग्रजी शिकतात. मराठी पवित्र शास्त्र घरी शिकविले तरच त्यांच्या कानी पडते. पण आम्हां आईबापांना वेळ नसतो. अशा वेळी पंडिता रमाबाईंच्या आईची आठवण होते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले. ते वृद्ध झाल्यावर लेकीला शिकविण्याचे काम आईने पत्करले. दिवसभर घरकाम असे. म्हणून त्या पहाटेच रमेला मायेने जागे करीत आणि कुशीत घेऊन तिच्याकडून श्लोक म्हणवून घेत. ते पाठ हिंदू पुराणांचे होते. पण तेथे लागलेली शास्त्राची गोडी जन्मभर टिकली. १८८३ साली इंग्लंडात रमाबाईंचा व त्यांच्या दोन वर्षांच्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावी रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर केले, तेही साध्या बायामुलांना समजेल अशा मराठीत. १९२१ साली मनोरमा वारली. तरी आईने ते काम सोडले नाही. १९२२ मध्ये ते संपवूनच त्या प्रभूकडे गेल्या.

शब्बाथ शाळा आठवड्यातून एकदाच भरते. उद्या पहाटे आपणही लेकराला जवळ घेऊन एक वचन म्हणवून घेऊ या.