वर्षभरानंतर तो पेशंट कसा आहे?

खांदा आखडलेल्या माणसाला फिजिओथेरपिस्ट बहुधा पहिल्याच आठवड्यात एक व्यायाम शिकवतात. चांगल्या हाताने टेबल धरायचे, कमरेत वाकायचे, दुखरा हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलू द्यायचा. ‘कॉडमनचा व्यायाम’ हे त्याचे नाव. ‘फ्रोझन शोल्डर’ हा शब्द आज मराठी घरांतही सहज बोलला जातो, तोही १९३४ साली याच डॉक्टरांनी रूढ केला. खांद्याच्या आजारांवर त्या साली त्यांनी लिहिलेला जाडजूड ग्रंथ अस्थिरोगतज्ज्ञ आजही मान देऊन उघडतात.

डॉ. अर्नेस्ट अमोरी कॉडमन खांद्यापुरतेच थांबले असते, तर त्यांचे आयुष्य सुखात गेले असते. पण त्यांनी एक लहानसे खासगी इस्पितळ काढले आणि तिथे आपल्या हातून झालेल्या चुका छापून वाटल्या.

बोस्टनच्या एका जुन्या, सुस्थितीतल्या घराण्यात ३० डिसेंबर १८६९ रोजी त्यांचा जन्म झाला. हार्वर्डमध्ये डॉक्टरकीचे शिक्षण घेताना त्यांचा एक वर्गमित्र होता हार्वी कुशिंग, जो पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा जनक म्हणून ओळखला गेला. त्या काळी शस्त्रक्रियेच्या वेळी ईथर देऊन भूल घालण्याचे काम शिकाऊ विद्यार्थ्यांवरच टाकत. धड प्रशिक्षण नाही, यंत्रे नाहीत, हाती फक्त ईथर. कुशिंगच्या हाताखाली एक पेशंट दगावला. असे प्रसंग तेव्हा नवे नव्हते आणि त्यावर फार चर्चाही होत नसे. या दोघांनी मात्र पैज लावली की कोणाच्या हातून दिलेली भूल जास्त चांगली उतरते ते पाहू. हरेल त्याने जेवण द्यायचे. आता पैज जिंकायची तर मोजायला हवे. म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना दर काही मिनिटांनी नाडी आणि श्वास मोजून कागदावर आलेख काढायला त्यांनी सुरुवात केली. १८९४-९५ च्या आसपासचे हे कागद भुलीच्या नोंदींचे सर्वांत जुने तक्ते मानले जातात. आज कुठल्याही ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटच्या उशाशी जो आलेख सरकत असतो, त्याचे मूळ या विद्यार्थ्यांच्या पैजेत आहे.

कॉडमन यांच्या डोक्यात तेव्हापासून एक किडा वळवळू लागला असावा. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल या बोस्टनच्या नामांकित रुग्णालयात सर्जन म्हणून काम करताना त्यांना दिसले की वार्षिक अहवालात किती पेशंट दाखल झाले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती खर्च आला हे सगळे असते; ज्यासाठी पेशंट आला होता ते दुखणे गेले की नाही, हे मात्र कुठेच नसते. पेशंट दारातून चालत बाहेर गेला की तो बरा झाला असे धरून चालत. त्यावर त्यांनी काढलेला उपाय इतका साधा होता की आज वाचताना त्यात वादासारखे काय होते असा प्रश्न पडतो. प्रत्येक पेशंटसाठी एक छोटे कार्ड. त्यावर तक्रार काय होती, उपचाराआधी निदान काय केले, कोणती शस्त्रक्रिया केली, नंतर काय गुंतागुंत झाली, घरी जाताना निदान काय ठरले, आणि शेवटी, एक वर्षाने तो पेशंट कसा आहे. बरा नसेल तर का नाही? या पद्धतीला त्यांनी ‘अंतिम निकाल’ असे नाव दिले.

मोठ्या रुग्णालयात ही कल्पना रुजेना. तेव्हा १९११ मध्ये बोस्टनच्या बीकन हिल भागात, पिंकनी स्ट्रीटवर, त्यांनी स्वतःचे इस्पितळ उघडले. जेमतेम डझनभर खाटा. आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशी, खाली औषधांचे दुकान आणि वर डॉक्टरांचे घर, असे जे नर्सिंग होम असते, तेवढाच हा पसारा. १९११ ते १९१६ या काळात तिथून ३३७ पेशंट घरी गेले. कॉडमन यांनी त्या प्रत्येकाचा मागोवा घेतला आणि उपचारांत झालेल्या १२३ चुका नोंदवल्या. म्हणजे सरासरीने तीन पेशंटांमागे एक.

हा आकडा वाचून कोणी म्हणेल, असल्या इस्पितळात कोण पाय ठेवील? पण चुकांचे प्रमाण इतरत्र किती होते हे कोणालाच ठाऊक नव्हते, कारण इतरत्र कोणी मोजतच नव्हते. कॉडमन नुसते आकडे देऊन थांबले नाहीत. प्रत्येक चुकीचे कारण त्यांनी ठरवले. सर्जनचे ज्ञान किंवा हातातले कसब कमी पडले का, निर्णय चुकला का, निदान चुकले का, शुश्रूषेत किंवा साधनांत उणीव राहिली का? की आजारच हाताबाहेरचा होता, किंवा पेशंटने उपचार नाकारले? आणि काही वेळा कोणाच्याच हाती काही नसते, तो प्रकारही त्यांनी वेगळा ठेवला. स्वतःच्या कसबाअभावी पेशंट दगावला असेल तर तसे लिहिले. हे अहवाल त्यांनी स्वखर्चाने छापले, देशातल्या नामवंत रुग्णालयांना पाठवले आणि तुम्हीही असे करा, असे आव्हान दिले.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बारा खाटांच्या इस्पितळात टक्केवारी फसवी असते. वर्षाला साठ-सत्तर पेशंट येत असतील, तर दोन मृत्यू कमी-जास्त झाले की इस्पितळ एकदम उत्तम किंवा एकदम वाईट दिसू लागते. शिवाय ज्याच्याकडे अवघड पेशंट येतात त्याचे आकडे वाईटच दिसणार. लहान इस्पितळाची पारख करायची तर एकेका पेशंटची गोष्ट शेवटपर्यंत वाचावी लागते, आणि कॉडमन यांनी नेमके तेच केले. त्यांच्या पद्धतीतला कच्चा दुवाही इथेच होता. चूक कोणती आणि कोणाची हे ठरवणारे ते स्वतःच. त्यांच्याइतका प्रामाणिक माणूस नसेल तर हीच पद्धत सोयीस्कर पळवाट ठरू शकते. म्हणूनच नोंदी सर्वांसमोर ठेवाव्यात, असा त्यांचा आग्रह होता.

आपल्या राज्यातला नर्सिंग होम नोंदणीचा कायदा १९४९ सालचा, मुंबई प्रांत होता तेव्हाचा. जागा, सोयी, पात्र कर्मचारी हे त्यात पाहिले जाते, आणि ते पाहायलाच हवे. कॉडमन यांचा प्रश्न मात्र त्यात नाही.

इकडे मोठ्या रुग्णालयाशी त्यांचे बिनसतच होते. तिथे सर्जनची बढती ज्येष्ठतेनुसार होई; कोणाचे पेशंट बरे होतात याचा तिच्याशी संबंध नसे. १९१४ मध्ये त्यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला आणि लगोलग मुख्य सर्जनच्या पदासाठी अर्ज केला. माझ्या शस्त्रक्रियांचे निकाल इतरांपेक्षा चांगले आहेत, तपासून पाहा, असा त्यांचा दावा होता. पद अर्थातच मिळाले नाही.

मग आली ६ जानेवारी १९१५ ची सभा. स्थानिक वैद्यक संघटनेच्या शस्त्रक्रिया विभागाचे ते अध्यक्ष होते. रुग्णालयांची कार्यक्षमता या विषयावर त्यांनी सभा बोलावली आणि शहराच्या महापौरांनाही आणले. शेवटी त्यांनी एका भल्यामोठ्या व्यंगचित्रावरचा पडदा दूर केला. चित्रात एक शहामृग वाळूत डोके खुपसून उभे होते आणि मागच्या मागे सोन्याची अंडी लाथाडत होते. शहामृग म्हणजे बॅक बे या धनिक वस्तीतले पेशंट. अंडी गोळा करणारे होते हार्वर्डचे आणि त्या बड्या रुग्णालयाचे डॉक्टर. पेशंटला सत्य कळले तरी अंडी मिळत राहतील का, याची चिंता विद्यापीठाच्या अध्यक्षांना पडलेली.

सभेत गदारोळ झाला. संघटनेचे अध्यक्षपद गेले, हार्वर्डमधली अध्यापकाची जागा गेली, सहकारी दुरावले. डॉक्टर पेशंट पाठवीनासे झाले, तशी कमाईही आटली. मला वाटते, त्या चित्राची गरज नव्हती. १२३ चुकांची यादी पुरेशी बोलकी होती. चित्रामुळे लोकांना यादीऐवजी अपमानावर बोलायची सोय झाली.

१९१७ च्या डिसेंबरात कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याच्या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला तेव्हा कॉडमन मदतीला धावले. पुढे ते सैन्यात वैद्यकीय सेवेत गेले आणि पिंकनी स्ट्रीटवरचे इस्पितळ बंद पडले.

अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या १९१३ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता, आणि रुग्णालयांचा दर्जा ठरवणाऱ्या तिच्या समितीचे ते पहिले प्रमुख होते. या संस्थेने पुढे शंभर किंवा अधिक खाटांची ६९२ रुग्णालये तपासली. अगदी किमान निकषांना उतरली फक्त ८९. नापासांत देशातली बडी नावे होती. १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका आलिशान हॉटेलात बैठकीपूर्वी ती यादी भट्टीत जाळून टाकण्यात आली, वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून! निकष मात्र टिकले. रुग्णालयांना दर्जाचे प्रमाणपत्र देण्याची अमेरिकेतली पद्धत त्यातूनच उभी राहिली.

कॉडमन यांनी नोंदींचा नाद सोडला नाही. १९२० मध्ये त्यांनी हाडांच्या कर्करोगाच्या रुग्णांची देशभरातून नोंद ठेवणारी नोंदवही सुरू केली. कुठल्या डॉक्टरने काय केले आणि पेशंट किती काळ जगला, हाच प्रश्न आता एका आजारापुरता. एक्स-रेमध्ये अशा गाठीच्या कडेला दिसणाऱ्या त्रिकोणाला आजही त्यांचे नाव आहे.

२३ नोव्हेंबर १९४० रोजी त्वचेच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. हाताशी पैसा फारसा उरला नव्हता. पत्नीच्या माहेरच्या, बाउडिच घराण्याच्या जागेत, केंब्रिजच्या माउंट ऑबर्न दफनभूमीत त्यांच्या अस्थी ठेवल्या गेल्या. त्यावर नावाचा दगडही नव्हता. तो २०१४ साली बसवण्यात आला. बसवणाऱ्यांत अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स ही संस्थाही होती.