इरावतीबाईंची बर्लिनमधील दोन वर्षे

बर्लिनच्या दाहलेम या उपनगरात १९२७ साली मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांच्या अभ्यासासाठी कैसर विल्हेल्म संस्थेची एक नवी शाखा सुरू झाली. तिचे संचालक होते ऑयगेन फिशर. आफ्रिकेतील जर्मन वसाहतीतल्या मिश्र वंशाच्या लोकांवर संशोधन करून त्यांनी युरोपभर नाव मिळविले होते. पुढच्याच वर्षी पुण्याची एक २२ वर्षांची विवाहित तरुणी डॉक्टरेटसाठी या संस्थेत दाखल झाली. तिचे नाव इरावती दिनकर कर्वे.

‘युगान्त’च्या लेखिका म्हणून इरावतीबाई मराठी घराघरांत पोहोचल्या. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालविणाऱ्या विदुषी म्हणूनही त्यांच्या आठवणी निघतात. परंतु त्या आधी ज्या दोन वर्षांत त्यांच्यातला संशोधक घडला, त्यांच्याविषयी मराठी वाचकाला फारच थोडी माहिती आहे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंज्यान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते आणि मुलीचे नाव ठेवले गेले ते तिथल्या इरावती नदीवरून. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याच्या हुजूरपागेत धाडण्यात आले. तिथे शकुंतला परांजपे हिच्याशी मैत्री जुळली आणि त्या ओळखीतून रँग्लर परांजप्यांचे घर हेच तिचे दुसरे माहेर झाले. पुस्तकांनी भरलेले, वादविवादांना मोकळे असे ते घर होते. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन त्या बी.ए. झाल्या. मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून १९२८ साली त्यांनी एम.ए. पदवी घेतली.

दरम्यान त्यांचा विवाह झाला होता. पती दिनकर धोंडो कर्वे हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी स्वतः जर्मनीत संशोधन केले होते, त्यामुळे पत्नीनेही तिथे जावे असा त्यांचाच आग्रह होता. विरोध झाला तो सासऱ्यांकडून. सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. ज्यांनी विधवेशी विवाह करून समाजाचा बहिष्कार सोसला, ज्यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ उभारले, त्यांना सुनेने परदेशी शिकायला जाणे मान्य नव्हते. सार्वजनिक कार्यातला सुधारक आणि घरातला वडीलधारा ही दोन माणसे अनेकदा वेगळी असतात, इतकेच फार तर म्हणता येईल. गंमत अशी की १९२९ साली महर्षी स्वतःच आपल्या विद्यापीठासाठी युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले.

पैशांचा प्रश्न होताच. आजच्यासारखी बँकांची शैक्षणिक कर्जे तेव्हा नव्हती. डॉ. जीवराज मेहता यांनी कर्जाऊ रक्कम दिली आणि मार्ग मोकळा झाला. हेच मेहता पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

बर्लिन विद्यापीठात त्यांनी मानववंशशास्त्राच्या जोडीला प्राणिशास्त्र, संस्कृत आणि तत्त्वज्ञान यांचाही अभ्यास केला. संस्थेत मात्र काम एकच, हाडे मोजण्याचे. माणसाची कवटी तंतोतंत समतोल नसते, तिची डावी आणि उजवी बाजू यांत थोडाफार फरक असतोच. फिशर यांचा तर्क असा होता की गोऱ्या युरोपियनांच्या कवटीत उजवीकडचा पुढचा भाग अधिक मोठा असतो आणि त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचे मूळ तिथे असावे. इतर वंशांत हा फरक आढळणार नाही, अशी अपेक्षा त्यात गृहीतच होती. हे सिद्ध करून दाखविण्याचे काम या विद्यार्थिनीकडे आले. संस्थेच्या संग्रहात जगभरच्या कवट्या होत्या आणि त्यांतील पुष्कळशा वसाहतींमधून, तिथल्या लोकांची अनुमती न घेता, आणलेल्या होत्या.

जवळपास दीडशे कवट्यांची मापे इरावतीबाईंनी घेतली. काम अत्यंत किचकट होते. प्रत्येक कवटीवर ठरावीक बिंदू निश्चित करायचे, दोन्ही बाजूंची अंतरे मोजायची, तक्ते मांडायचे आणि त्यांची तुलना करायची. आकडे जमले तेव्हा त्यांतून निघालेला अर्थ मार्गदर्शकांच्या तर्काच्या नेमका उलट होता. असमतोल सर्वत्र होता, पण त्याचा वंशाशी संबंध जोडता येत नव्हता. गोऱ्यांच्या कवट्या एका बाजूला आणि इतरांच्या दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी या मापांतून निघतच नव्हती.

विद्यार्थिनीपुढचा पेच इथे होता. आकड्यांची मांडणी थोडी इकडची तिकडे करून, किंवा निष्कर्ष संदिग्ध ठेवून, पदवी सुखासुखी पदरात पाडून घेता आली असती. कर्ज डोक्यावर होते, सासऱ्यांचा विरोध पत्करून त्या आल्या होत्या, रिकाम्या हाताने परतणे परवडणारे नव्हते. आणि मार्गदर्शक म्हणजे त्या विषयातले जर्मनीतील सर्वांत वजनदार नाव. वसाहतीतून आलेल्या एका विद्यार्थिनीने त्यांना खोडून काढणे ही साधी गोष्ट नव्हती. इरावतीबाईंनी जे दिसले तेच प्रबंधात लिहिले. फिशर यांनी पदवी अडविली नाही. श्रेणी मात्र हात आखडूनच दिली. १९३० साली त्यांचे संशोधन पूर्ण झाले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या निवडणुकीत हिटलरचा पक्ष १०७ जागा जिंकून जर्मन संसदेतील दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष बनला.

पुढची हकिगत जगाला ठाऊक आहे. १९३३ साली फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मिश्र वंशाच्या मुलांच्या सक्तीच्या नसबंदीत त्यांच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी साथ दिली. १९४२ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या फेर्शुअर यांना आउशवित्झच्या छळछावणीतून मानवी अवयवांचे नमुने पाठविणारा डॉक्टर होता योझेफ मेंगेले. युद्धानंतर फिशर यांना कोणतीही शिक्षा झाली नाही. १९६७ साली ते वारले. ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले ते याच वर्षी, आणि त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मायदेशी परतल्यावर इरावतीबाईंनी काही वर्षे मुंबईत महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम केले. १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत तिथेच रमल्या. बर्लिनचा तर्क त्यांनी नाकारला, पण मोजमापाची साधने मात्र सोबत आणली, हे नोंदविले पाहिजे. महाराष्ट्रात, कर्नाटकात आणि ओरिसात हिंडून त्यांनी निरनिराळ्या जातींतील हजारो माणसांची शारीरिक मापे घेतली. आजचे अभ्यासक या पद्धतीवर टीका करतात आणि ती अस्थानी नाही. पण त्या मापांतून त्यांनी काय काढले हेही पाहायला हवे. चित्पावन आणि देशस्थ, किंवा कुंभारांच्या वेगवेगळ्या पोटजाती, नावाने एक असल्या तरी शरीराने एका मुळाच्या दिसत नाहीत. म्हणजे एका जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या नसून वेगवेगळे समूह एका नावाखाली एकत्र आले असावेत, असे त्यांनी मांडले. हे मत त्यांचे गुरू घुर्ये यांच्या विरोधात जाणारे होते. मार्गदर्शकाशी असहमत होण्याची ही त्यांची दुसरी खेप.

वय वाढत गेले तशी मापे मागे पडली आणि माणसे पुढे आली. नातेसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली निघाला आणि आजही तो अभ्यासला जातो. पंढरीच्या वारीत चालणाऱ्या, धरणामुळे उठविल्या गेलेल्या गावांत जाऊन बसणाऱ्या इरावतीबाई ललित लेखांतून दिसू लागल्या. महाभारतातील पात्रांकडे त्यांनी देव म्हणून न पाहता माणूस म्हणून पाहिले. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

दाहलेममधील ती इमारत आज बर्लिनच्या मुक्त विद्यापीठाकडे आहे. तिच्या परिसरात २०१४ साली खोदकाम सुरू असताना मानवी हाडे सापडली. नंतरच्या उत्खननात असे सुमारे १६ हजार तुकडे निघाले. ती कोणाची, हे शोधण्यासाठी आणखी तपासण्या कराव्यात का, यावर चर्चा झाली. ज्या समाजांतील लोकांची ती असू शकतात, त्यांच्या प्रतिनिधींनी नको म्हणून सांगितले. पुन्हा मोजमाप नको, वंशाची वर्गवारी नको, असे ठरले. मार्च २०२३ मध्ये दाहलेमच्याच दफनभूमीत ती सारी हाडे एकत्र पुरण्यात आली.